मॅलकीला घाबरवणारं पुस्तक

"विहिरीवालं वाचलं. झोप मात्र छान लागली," असं म्हणत मॅलकी गॅलोग्लीनं हातातलं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि डिम्पना मॅक्गोव्हर्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सप्टेंबरचा शेवटचा मंगळवार होता. आयर्लंडातल्या लीट्रिम परगण्यात, ड्रमकील गावच्या चर्चसमोर पुस्तकांची गाडी उभी होती. गाडी तशी परगण्याच्या वाचनालयाची, पण गावाच्या लेखी ती डिम्पनाचीच. चालवायची तीच, पुस्तकं द्यायची-घ्यायची तीच, आणि वळणावर एखादं पुस्तक फळीवरून उडी मारून खाली आलं तर त्याला शिव्या घालायच्या त्याही तिनंच. सत्तावन्न वर्षांची, आखूड पांढऱ्या केसांची, बोलायला लागली की चर्चच्या घंटेला मागे सारणारी बाई. आणि समोरचा मॅलकी एकोणऐंशीचा, निवृत्त पोस्टमन, अजूनही रोज दाढी करून टाय लावणारा.

"विहिरीत कोण होतं ते कळलं, तेव्हासुद्धा काही वाटलं नाही?" डिम्पनानं विचारलं.

"वाटलं ना. त्या बिचारीला गारठा किती लागत असेल, असं वाटलं."

"आमचा कोलम ते ऐकताना तीनदा उठून कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बघून आला!"

"तुझा कोलम टोस्टरमधून पाव वर आला तरी दचकतो, पोरी. नवऱ्यावरून जगाची परीक्षा करू नकोस." मॅलकी खुर्चीत आरामात टेकला. "एकतीस वर्षं मी पहाटेच्या अंधारात टपाल वाटलं. दफनभूमीतून, जंगलातून, पडक्या गिरणीच्या मागून. एक भूत भेटलं नाही. कुत्री भेटली. कुत्र्यांवर काही असलं तर दे, थोडा तरी घाबरीन. नाहीतर माझे काऊबॉय दे."

मॅलकीनं आयुष्यभर काऊबॉयच वाचले होते. भुताखेतांचं पुस्तक तिनं पहिल्यांदाच त्याच्या गळ्यात मारलं होतं, आणि पहिल्याच घासाला खडा लागला होता. गाडीत आणखी दोन-तीन जण होते, ते तोंड दाबून हसत होते. डिम्पनाला राहवेना.

"हॅलोवीनच्या आत तुम्हाला घाबरवणारं पुस्तक आणलं तर?"

"आणलंस तर चेटकिणीची टोपी घालून गाडीच्या दारात उभा राहीन. टायसकट. आणि नाही आणलंस, तर तू तीन काऊबॉय वाचायचेस. शेवटची पानं आधी न बघता."

"ठरलं!"

हातावर हात पडला आणि बातमी गाडीच्या आधी पुढच्या गावात पोहोचली.

डिम्पनाचं आणि भीतीच्या पुस्तकांचं नातं जुनं होतं. ती दहा वर्षांची असताना तिच्या गावात अशीच गाडी यायची, आणि गाडीवर एक चष्मेवाला गृहस्थ असायचा. वरच्या फळीवरच्या एका काळ्या पुस्तकाकडे तिनं बोट दाखवलं, तर तो म्हणाला, "ते तुझ्यासाठी नाही." बस्स, एवढंच पुरलं. पुढच्या खेपेला तो चहा ओतून घेत होता तेवढ्यात ते काळं पुस्तक तिच्या स्वेटरखाली गेलं. त्यानंतर तीन रात्री ती थोरल्या बहिणीच्या अंथरुणात झोपली, बहिणीच्या लाथा खात, आणि चौथ्या दिवशी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसली. एवढा आनंद तिला आधी कशानंच दिला नव्हता. चार आठवड्यांनी तिनं ते गुपचूप जागच्या जागी ठेवलं, आत एक चिठ्ठी घालून: "हे माझ्यासाठीच होतं."

पुढे ती स्लायगोला विणकामाच्या कारखान्यात लागली, कारखाना बंद पडला, मग शाळेची बस चालवली. परगण्याला पुस्तकांच्या गाडीवर माणूस हवा होता तेव्हा मुलाखतीत तिला विचारलं, काय वाचता? ती म्हणाली, "ज्यानं मला घाम फुटतो ते." समोरची तीन माणसं हसली आणि नोकरी मिळाली. त्याला तेवीस वर्षं झाली होती.

बाकीचं वर्ष ती कुणालाही काहीही देई, स्वयंपाकाची पुस्तकं, गाईंचे आजार, राजेराण्यांच्या भानगडी. पण जुलै उजाडला की तिच्या अंगात यायचं. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीनसाठी, त्या भुताखेतांच्या सणासाठी, परगण्याच्या भांडारात नव्या पुस्तकांची खोकी येत, आणि इतर वाचनालयांच्या आधी तिथं पोहोचायला ती पहाटेच निघायची. मग ऑगस्टभर वाचन: दुपारी गाडीच्या पायरीवर, सँडविच खात, आणि संध्याकाळी घरी, कोलमला मोठ्यानं. कोलम शेतकरी, सहा फूट उंच, आणि काळजानं ससा. त्याच्या हातातला चहा निवेपर्यंत प्यायचा राहिला, तर पुस्तक पास. कप रिकामा झाला, तर नापास.

निवडलेल्या प्रत्येक पुस्तकात ती एक चिठ्ठी घालायची. भीतीच्या चढत्या चार पातळ्या ठरलेल्या होत्या: 'पाय पांघरुणात', 'दिवा चालू', 'कुत्रं आत' आणि 'आईला हाक'. लोक आधी हसले, मग त्याच भाषेत बोलू लागले. "मला एक कुत्रं आत दे, डिम्पना, पण लेकराला पाय पांघरुणातच, उद्या शाळा आहे." पुस्तकांची खरी नावं तिच्या कधी लक्षात राहत नसत. तिच्यापुरती ती विहिरीवालं, शिवणयंत्रवालं, बर्फातल्या पावलांवालं अशीच होती, आणि सगळा परगणाही त्यांना त्याच नावांनी ओळखायचा.

तर मॅलकीसाठी तिनं आता 'आईला हाक'वाली सगळी फळी उपसली. घरी जेवणाच्या टेबलावर सात पुस्तकं मांडून बसली.

"दीपगृहवालं देऊ?" तिनं कोलमला विचारलं.

"त्याचं नावसुद्धा घेऊ नकोस. गोठ्यात जायचंय मला अजून."

"मग तेच देते."

दीपगृहवालं पाचशे पानांचं होतं. त्यात माणसं एकामागून एक नाहीशी होत आणि त्यांचे ओले बूट तेवढे जिन्यावर मिळत. गाडीची पुढची खेप दोन आठवड्यांनी होती, तोवर वाट बघायला नको म्हणून तिनं ते मॅलकीच्या दारात स्वतः नेऊन दिलं.

चौदा ऑक्टोबरला गाडी पुन्हा ड्रमकीलला आली. मॅलकी पहिल्याच पायरीवर उभा होता, पुस्तक काखेत.

"काय?" डिम्पनानं गाडी पुरती थांबायच्या आधीच खिडकीतून विचारलं.

"बूट चामड्याचे होते ना? मग समुद्राच्या पाण्यात आठ दिवसांत त्यांचे टाके सुटायला पाहिजेत. लिहिणाऱ्याला बुटांतलं ओ की ठो कळत नाही."

"मॅलकी, बूट सोडा! माणसं मेली त्यात!"

"माणसं मरतातच गं," मॅलकी समजूत घातल्यासारखा म्हणाला. "अजून एक खेप आहे तुझी. टोपी शिवायला टाकली नाहीस ना अजून?"

तिनं दात-ओठ खात त्याला लांडग्यावालं दिलं. फळीवरचं त्याहून भयंकर असं काही उरलंच नव्हतं.

त्याच दुपारी गाडी शाळेच्या फाटकाशी लागली. पोरं आत घुसली की गाडी डुलायला लागायची. हॅलोवीन जवळ आलेलं, त्यामुळे कुणाला वटवाघळं हवीत, कुणाला सांगाडे, एकाला "ज्यात बाई मरतात ते, शाळेतल्या बाई". या सगळ्या गर्दीत ब्रोना कीनी नावाची नऊ वर्षांची मुलगी हाताची घडी घालून टेबलापुढे उभी राहिली. पुढचे दोन दात नुकते आलेले, नजर सरळ.

"मला आईला हाकवालं पाहिजे."

"ते मोठ्यांसाठी असतं, ब्रोना. दिवा चालू देते एक मस्त."

"मागच्या वर्षी पण तू तेच म्हणालीस. मला भीतीच वाटली नाही. भोपळ्याला दात होते फक्त."

'ते तुझ्यासाठी नाही' हे शब्द डिम्पनाच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. मुलांच्या फळीवरून तिनं एक बारकं, नव्वद पानांचं, मोठ्या टायपातलं पुस्तक काढलं. एका घरात तीनच माणसं राहायला येतात आणि रोज संध्याकाळी टेबलावर ताटल्या मात्र चार दिसतात, अशी गोष्ट होती. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत. जुलैच्या रणरणत्या दुपारी पायरीवर बसून तिनं ते तासाभरात संपवलं होतं आणि 'दिवा चालू'ची चिठ्ठी घातली होती. मुलांचं म्हणून कोलमला वाचून दाखवायच्या भानगडीत ती पडली नव्हती. चूक झाली ती इथंच.

सोमवारी गाडी पलीकडच्या गावात उभी असताना एक निळी मोटार करकचून थांबली आणि ब्रोनाची आई, ओर्ला, तरातरा पायऱ्या चढून आली. हातात ताटलीवालं पुस्तक.

"हे तुम्ही दिलंत? नऊ वर्षांच्या मुलीला?"

डिम्पनानं होकारार्थी मान हलवली.

"सहा दिवस झाले! दाराकडे पाठ करून बसत नाही. जेवायच्या आधी ताटल्या मोजते. काल माझी बहीण जेवायला आली, तर चौथी ताटली बघून ब्रोना अशी किंचाळली की बहिणीच्या अंगावर सूप सांडलं. तुम्ही वाचता तरी का, काय देताय ते?"

"वाचते," डिम्पना म्हणाली. तिचा घंटेसारखा आवाज पार उतरला होता. "वाचलं होतं, पण भर उन्हात. माझं मोजमाप चुकलं. माफ कर ओर्ला, मनापासून." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तिनं संपवलं का?"

"संपवू देईन मी? घेतलं काढून बुधवारीच. वीसेक पानं राहिली होती."

"अगं बाई! मग ती अजून त्याच घरात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बाहेर यायचं दार त्या शेवटच्या वीस पानांत आहे. तू पोरीला आत सोडून किल्ली काढून आणलीस." तिनं पुस्तक उघडून ओर्लापुढे धरलं. "तिला देऊ नकोस हवं तर. आधी तू वाच. इथंच वाच. नाही पटलं, तर मी स्वतः येऊन ब्रोनाची माफी मागते आणि हे पुस्तक भांडारात परत पाठवते."

ओर्ला उभ्यानं वाचायला लागली, भुवया चढवून, ओठ मुडपून, चूक काढायच्या तयारीनं. दोन पानांनंतर तिनं फळीला टेका दिला. पाच पानांनंतर ती खाली पायरीवर बसली. मोटारीचं दार उघडंच राहिलं होतं आणि आतला रेडिओ एकटाच बडबडत होता. एक म्हातारबुवा पुस्तक बदलायला आले तेव्हा ती नुसतीच सरकली, नजर वर न करता.

शेवटचं पान उलटल्यावर तिनं पुस्तक हळूच मिटलं. मग नाक ओढत म्हणाली, "भूक लागली होती बिचाऱ्या पोराला."

"हो ना."

"आणि मी सहा दिवस ब्रोनाला सांगतेय, असं काही नसतं, झोप!" ओर्ला उठली. "आज मी स्वतः वाचून दाखवते तिला. पहिल्यापासून." पायरी उतरता उतरता ती वळली. "आणि मला काय देतेस? पाय पांघरुणातच दे हं. नवऱ्याची हल्ली रात्रपाळी असते, मी एकटी असते."

अठ्ठावीस ऑक्टोबरला शाळांना सुट्टी होती आणि ड्रमकीलच्या चर्चपुढे जत्राच भरली. हॅलोवीनला अजून तीन दिवस होते, पण पोरांना दम कुठला! दोन सांगाडे, एक समुद्री चाचा, पांढरी चादर गुंडाळलेलं एक भूत, ज्याच्या चादरीला नाक पुसायला तिसरं भोक पाडलं होतं. दारात दोन कोरलेले भोपळे होते आणि टेबलावर एक सलगम. ते कोरताना कोलमनं बोट कापून घेतलं होतं. मनुके घातलेल्या गोड पावाचे काप फिरत होते, रिवाजाप्रमाणे आत लपवलेली अंगठी कुणाला सापडते म्हणून सगळे जपून चावत होते. आणि मोठी माणसं आली होती ती पैजेचा निकाल बघायला.

मॅलकी आला. टाय नवा होता. लांडग्यावालं पुस्तक त्यानं दोन बोटांत धरलं होतं, मेलेल्या उंदराला धरावं तसं.

"हसून हसून पोट दुखलं," त्यानं जाहीर केलं. "लांडगा दार वाजवतो! माझ्या उभ्या नोकरीत मी एवढं सभ्य जनावर बघितलं नाही."

गाडीत हशा पिकला. डिम्पनानं टेबलावर हात आपटला. "हरले. द्या तुमचे काऊबॉय."

"थांब," खालून एक आवाज आला. ब्रोना होती, तोंड हिरवं रंगवलेलं, हनुवटीवर मोठा मस. तिनं ताटलीवालं पुस्तक मॅलकीपुढे धरलं. "तू हे वाच. मी सहा दिवस घाबरले होते."

मॅलकीनं कव्हर बघितलं. "हे पोरांचं आहे, बाळ."

"घाबरलास?"

"मी? नव्वद पानांना?"

"मग वाच की. इथंच. आम्ही बघतो."

सगळे "हो, हो, इथंच!" म्हणून ओरडायला लागले. मॅलकीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला.

गाडी तिथं दोन तास थांबायची. डिम्पना पुस्तकं देत होती, घेत होती, चिठ्ठ्या लावत होती, पण तिचं निम्मं लक्ष मागच्या बाकावर होतं. पहिली दहा पानं मॅलकीनं भराभर उलटली. मधूनच "हं!" म्हणाला, "आता मांजर निघेल," म्हणाला. चाचा त्याच्या गुडघ्याशी बसून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बातमी पोहोचवत होता: "अजून नाही!" "भुवई हलली!" "नाही, नाक खाजवलं!"

मग पानं उलटण्याचा आवाज मंदावला. "मांजर निघेल" बंद झालं. चहाच्या कपावर साय धरली. तो कप बघून डिम्पनानं हातातली चिठ्ठी भलत्याच पुस्तकात घातली. जिंकतेय की काय मी!

चाळिसाव्या पानाशी कुठंतरी मॅलकीनं पुस्तक मिटलं. खिडकीतून त्याचं घर दिसायचं, रस्त्यापलीकडचं, लाल दाराचं. तो तिकडे बघत राहिला. त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता.

"घाबरला! घाबरला!" चाचा ओरडला.

"गप रे," ब्रोना म्हणाली. तिच्या आधी लक्षात आलं होतं की यात हसण्यासारखं काही नाही.

डिम्पना त्याच्याजवळ जाऊन बसली. "मॅलकी? बरं वाटत नाही का?"

"नोनी जाऊन दोन वर्षं झाली," तो हळू आवाजात म्हणाला. नोनी त्याची बहीण. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, सत्तर वर्षं एकाच छताखाली काढली होती. "मी अजून रोज दोन ताटल्या काढतो. हाताला सवय. मग लक्षात येतं आणि एक परत ठेवून देतो. कुणाला बोललो नाही कधी. काय बोलायचं?" त्यानं पुस्तकावर बोट ठेवलं. "या पोरीनंही परत ठेवली. आणि वळून बघते, तर ताटली पुन्हा टेबलावर. तू सांग, आज संध्याकाळी ताटली ठेवल्यावर वळून बघायची माझी छाती होईल?"

महिनाभर डिम्पना राक्षस शोधत फिरत होती, आणि या माणसाची भीती त्याच्याच स्वयंपाकघरातल्या मांडणीवर पडून होती. पैज जिंकल्याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

"तू मधेच थांबू नकोस," ब्रोना म्हणाली. ती त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली होती. "मधे थांबलं की जास्त भीती वाटते. मला विचार. शेवट चांगला आहे."

"मला आता अक्षरं दिसत नाहीयेत, बाळ."

"मग मी वाचते."

आणि तिनं वाचलं. हिरव्या तोंडानं, बोट ओळींखाली सरकवत, अवघड शब्दाला अडखळत. दोन सांगाडे खाली बसले, भूत चादर वर करून बसलं, ओर्ला दारात उभी राहिली. पुस्तकातली मुलगी शेवटी चौथी ताटली परत ठेवायचं सोडून देते. तिच्यावर बटाटे वाढते, लोणी घालते, आणि रिकाम्या खुर्चीला म्हणते, "बस ना. गार होतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली स्वच्छ धुऊन पालथी ठेवलेली असते. एवढंच. त्या घरात फार वर्षांपूर्वी उपाशी राहिलेलं पोर होतं ते, त्याला कुणी बस म्हणालंच नव्हतं.

ब्रोनानं पुस्तक मिटलं. मॅलकी खिशातून रुमाल काढून बराच वेळ नाक शिंकरत होता.

"आमची आई ठेवायची," मग तो म्हणाला. "हॅलोवीनच्या संध्याकाळी. गेलेल्या माणसांसाठी एक खुर्ची आणि एक ताटली, चुलीपाशी. आम्ही लहान होतो, आम्हाला त्यात भीतीचं काही वाटायचं नाही. आजोबा येणार जेवायला, एवढंच. नोनीनं अन् मी ते कधी बंद केलं कोण जाणे." त्यानं चष्मा लावला आणि एकदम उठला. "हं! टोपी कुठाय?"

"मॅलकी, राहू द्या," डिम्पना म्हणाली. "मी जिंकले असं मला वाटत नाही."

"मला घाम फुटला, म्हणजे फुटला! पोस्टमन दिलेला शब्द पोहोचवतो. टोपी!"

गाडीत असा काही जल्लोष झाला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. ब्रोनानं आपलीच टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. ती छोटी होती, उभी राहायची नाही, तरी तो उरलेला पाऊण तास टायसकट दारात उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला दरडावून विचारत राहिला, "काय पाहिजे? पाय पांघरुणात की कुत्रं आत? नीट विचार करून सांगा. छोट्या पुस्तकांवर भरवसा ठेवू नका!"

शुक्रवारी, हॅलोवीनच्या संध्याकाळी, दिवेलागणीला मॅलकीच्या घरी पाच माणसं जमली: तो, डिम्पना आणि कोलम, ओर्ला आणि ब्रोना. टेबलावर ताटल्या सहा होत्या. सहावी त्यानं सगळ्यांदेखत मांडली, त्यावर बटाटे-कोबी कालवून वाढले, लोण्याचा गोळा ठेवला आणि खुर्ची चुलीकडे वळवली. "नोनीला इथं ऊब लागते," असं म्हणाला, नेहमीच्या आवाजात, शेजारीण जेवायला आली असावी तसा. कोलम त्या खुर्चीकडे न बघता जेवला, पण जेवला दोनदा. नंतर दारावर पोरं येत राहिली, मॅलकी त्यांना सफरचंदं आणि चॉकलेटं देत राहिला, आणि मधल्या वेळात त्यानं सगळ्यांना एक गोष्ट सांगितली: पडक्या गिरणीच्या मागे एका पहाटे त्याची सायकल आपोआप थांबली होती, ती.

"म्हणजे भेटलं होतं की भूत!" डिम्पना ओरडली. "एकही नाही म्हणालात!"

"साखळी पडली होती," मॅलकी म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "बहुतेक."

ब्रोनानं आनंदानं किंचाळी फोडली.

अकरा नोव्हेंबरला गाडी ड्रमकीलला आली तेव्हा डिम्पनाला वाटलं, आता हंगाम संपला, आता गाईंचे आजार आणि नाताळचे केक. पण चर्चच्या भिंतीला लागून रांग होती, आणि रांगेत बहुतेक मोठी माणसं. दुकानदारीण, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, दूध गोळा करणारे दोघे भाऊ. सगळ्यांना ताटलीवालं हवं होतं. प्रत एकच. तिनं तिथूनच भांडाराला फोन लावला आणि आणखी सहा प्रती मागितल्या. पलीकडच्या बाईनं विचारलं, कुठल्या शाळेसाठी? डिम्पना म्हणाली, शाळेसाठी नाही, दूधवाल्यांसाठी.

मग तिनं भुताखेतांच्या फळ्यांमधली 'मुलांसाठी' आणि 'मोठ्यांसाठी' अशी लाकडी पाटी काढून टाकली. चिठ्ठ्या तेवढ्या ठेवल्या, आणि ताटलीवाल्यातली 'दिवा चालू' खोडून 'आईला हाक' लिहायला घेतली. ब्रोना आणि मॅलकी आधीच नव्या एकसंध फळीपुढे उभे राहून भांडत होते.

"बाहुलीवालं मी आधी बघितलं!"

"तू बघितलंस, मी धरलं. वयाचा मान ठेव जरा."

"तू हळू वाचतोस!"

"बरं, मग असं करू. बस इथं. तू एक पान, मी एक पान."

पुढच्या गावाला निघायची वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती. डिम्पनानं घड्याळाकडे पाहिलं, किल्ली परत खिशात टाकली आणि काय होतंय ते ऐकायला त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसली.